नऊपैकी नऊ जिंकले, तरी बोलावणं आलं नाही

२४ नोव्हेंबर १९५१. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या पॅसाडिना गावातल्या रोझ बाउल या अवाढव्य स्टेडियममध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने लोयोला विद्यापीठाला २०–२ असं हरवलं. हंगामातला हा त्यांचा नववा सामना आणि नववा विजय. हार नाही, बरोबरीही नाही. पाच आठवड्यांनी, १ जानेवारीला, वर्षातले सगळ्यात मानाचे सामने झाले. दोन-दोन, तीन-तीन सामने हरलेल्या संघांनाही त्या दिवसात कुठे ना कुठे बोलावणं आलं. हा संघ घरी बसला. आणि नवं वर्ष सुरू होण्याच्या सुमारास विद्यापीठाने फुटबॉलच बंद करून टाकलं.

या संघाला ‘डॉन्स’ म्हणत. त्यात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. दक्षिणेतल्या आयोजकांना ते दोघे नको होते, आणि बाकीच्या संघाने त्यांना मागे ठेवून जायला साफ नकार दिला. अमेरिकेत ही गोष्ट मैत्रीची आणि हिमतीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच, आणि मला ती फार प्रिय आहे. पण तेवढीच सांगितली की एक प्रश्न अनुत्तरित राहतो. इतका उघड अन्याय झाला, तरी कुणाचा नियम मोडला नाही, कुणाला लेखी काही द्यावं लागलं नाही, कुणाला खुलासा करावा लागला नाही. हे जमलं कसं? त्याचं उत्तर त्या काळी कॉलेज फुटबॉलचा हंगाम ज्या रीतीने चालायचा, त्या रीतीत आहे.

आधी खेळ, अगदी कामापुरता

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. त्यांचा फुटबॉल वेगळा. चेंडू लंबगोल, तो बहुतेक वेळ हातात घेऊन पळायचा किंवा हाताने फेकायचा. एका बाजूला अकरा खेळाडू. मैदान १०० यार्ड लांब. यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला तोच. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचं असतं, म्हणजे एक नऊवारी अंथरून वर एक वार. जमलं तर पुन्हा नवे चार प्रयत्न. नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याकडे. एकेका प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात.

दहा वार झाले की नाहीत हे डोळ्यांनी ठरत नाही. मैदानाच्या कडेला दोन काठ्या असतात आणि त्यांच्यामध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी. शंका आली की ती साखळी मैदानात आणून ताणतात आणि सगळ्यांसमोर मोजतात. बोटभर कमी पडलं तरी कमीच. हजारो प्रेक्षक श्वास रोखून त्या साखळीकडे बघत असतात.

चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण, आणि त्यानंतर दोन खांबांमधून चेंडू मारला की वर एक. मैदानात असतानाच लाथ मारून चेंडू खांबांमधून घातला तर तीन. आणि चेंडू जवळ असताना एखादा खेळाडू स्वतःच्याच रेषेच्या मागे अडकला तर समोरच्याला दोन. लोयोलाच्या खात्यावरचे दोन गुण पाहून आपल्याला बुचकळ्यात पडायला होतं. इतके कमी गुण मिळवण्याची दुसरी वाट या खेळात जवळजवळ नाहीच.

एवढं पुरे. मैदानावरचा हिशेब किती काटेकोर आहे तेवढं ध्यानात राहिलं म्हणजे झालं. मैदानाबाहेर हा काटेकोरपणा औषधालाही नव्हता.

हंगाम होता, पण स्पर्धा नव्हती

आपल्या डोक्यात हंगाम म्हटलं की गट, गुणतक्ता, उपांत्य सामना, अंतिम सामना असं येतं. १९५१च्या कॉलेज फुटबॉलमध्ये यातलं काहीच देशपातळीवर नव्हतं. सप्टेंबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत प्रत्येक कॉलेज नऊ-दहा सामने खेळायचं. बरीच विद्यापीठं ‘कॉन्फरन्स’ नावाच्या प्रादेशिक गटांत होती आणि आपापसांत खेळायची. जी गटात नव्हती त्यांना ‘इंडिपेंडंट’ म्हणत. त्यांना प्रतिस्पर्धी स्वतः शोधावे लागत: पत्रव्यवहार करा, तारीख ठरवा, तिकिटांच्या पैशांतला वाटा ठरवा.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ असं स्वतंत्र होतं. १८५५ साली जेझुइट पाद्र्यांनी सुरू केलेलं, टेकडीवरचं लहानसं कॅथलिक कॉलेज. खाडीपलीकडचं बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि जवळचंच स्टॅनफर्ड, हे दोन्ही बडे शेजारी १९५१च्या वेळापत्रकात नव्हते. मग जे मिळाले ते: सॅन होजे स्टेट (एकाच हंगामात दोनदा), आयडाहो, सॅन्टा क्लारा, न्यूयॉर्कचं फोर्डम, स्टॉक्टनचं कॉलेज ऑफ द पॅसिफिक, लोयोला, आणि दोन चक्क लष्करी संघ, कॅम्प पेंडल्टनच्या तळावरचा आणि सॅन डिएगोच्या नौदलाचा. कोरियाचं युद्ध सुरू होतं, तरुणांची भरती चालू होती, त्यामुळे अशा तळांवर कॉलेजात खेळून आलेली मुलं भरपूर असत. तरीही कागदावर हे वेळापत्रक हलकं दिसायचं. ही गोष्ट पुढे हत्यारासारखी वापरली गेली, म्हणून ती आधीच मान्य करून टाकतो.

स्पर्धा नाही, मग देशात पहिला कोण? ते पत्रकार ठरवायचे. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६पासून दर आठवड्याला क्रीडापत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी छापत असे. हंगाम संपला की शेवटचं मतदान, आणि त्यात वरचा तो राष्ट्रीय विजेता. गंमत म्हणजे हे मतदान नववर्षाच्या मोठ्या सामन्यांच्या आधीच आटोपायचं. १९५१मध्ये टेनेसी पहिला आला. मग १ जानेवारीला तो मेरीलँडकडून २८–१३ असा हरला आणि तरीही विजेता तोच राहिला. या यादीत नऊपैकी नऊ जिंकलेले डॉन्स चौदावे होते.

म्हणजे सर्वोत्तम कोण हे मतांनी ठरायचं, आणि मानाच्या सामन्यांत कोण खेळणार हे आमंत्रणाने. मैदानावरच्या विजयाने थेट मिळेल असं हंगामाच्या शेवटी काहीच नव्हतं.

बाउल म्हणजे काय, आणि ते सगळे दक्षिणेतच का

बाउल म्हणजे वाडग्याच्या आकाराचं स्टेडियम. त्यावरून तिथे होणाऱ्या खास सामन्यालाही बाउल म्हणू लागले. सगळ्यात जुना पॅसाडिनाचा रोझ बाउल. त्याचं यश पाहून १९३०च्या दशकात मायामीत ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लीन्सला शुगर बाउल, एल पासोला सन बाउल, डॅलसला कॉटन बाउल सुरू झाले. १९४६मध्ये जॅक्सनव्हिलला गेटर बाउल आला. नावं बघा: संत्रं, साखर, ऊन, कापूस, मगर. गावाची ओळख किंवा गावाचा माल. हे सामने कुठल्या क्रीडा मंडळाने भरवलेले नव्हते. गावातले व्यापारी, हॉटेलवाले, बँकवाले यांच्या समित्या ते भरवत. उत्तरेत बर्फ पडत असताना उबदार गावात पाहुणे यावेत, खोल्या भराव्यात, वर्तमानपत्रांत गावाचं नाव यावं, हा हेतू. कुणाला बोलवायचं हे ती समिती ठरवायची, जसं लग्नाला कुणाला बोलवायचं हे घरचे ठरवतात. न बोलावल्याचं कारण कुणी विचारत नाही आणि कुणी देत नाही.

कॅलिफोर्नियातल्या संघाला खरं तर रोझ बाउल घरचाच. पण त्याचं दार बंद होतं. १९४७च्या सामन्यापासून रोझ बाउलचा करार झाला होता: एक संघ पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सचा आणि दुसरा मध्य-पश्चिमेतल्या बिग टेन या गटाचा, बाकी कुणी नाही. स्वतंत्र डॉन्सनी जग जिंकलं असतं तरी त्यांना तिथे जागा नव्हती. उरलेले मोठे बाउल फ्लोरिडा, लुइझियाना आणि टेक्सासमध्ये. ही तिन्ही राज्यं तेव्हा वंशभेदाच्या कायद्यांखाली होती. शाळा वेगळ्या, बसमधली जागा वेगळी, हॉटेलं वेगळी, स्टेडियममधली बाकंसुद्धा वेगळी.

डॉन्सच्या गोष्टीतला हा सांधा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोत मॅटसन आणि टोलर गोऱ्या मित्रांसोबत राहत होते, शिकत होते, खेळत होते. त्यांचा हंगाम उत्तर कॅलिफोर्नियात सुरू झाला, पण त्याचा मान ठरवायचा अधिकार तीन हजार किलोमीटरवरच्या शहरांतल्या समित्यांकडे होता.

कोण होती ही मुलं

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा लाखो तरुण सैनिक घरी परतले. त्यांच्यासाठी अमेरिकेने १९४४ साली एक कायदा केला होता, ज्याला सगळे ‘जीआय बिल’ म्हणतात. सैन्यात सेवा केलेल्याची कॉलेजची फी सरकार भरणार आणि वर राहण्याखाण्यासाठी भत्ता देणार. पुढच्या बारा वर्षांत साधारण २२ लाख माजी सैनिक या कायद्यामुळे कॉलेजात गेले. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं अशा कामगारांची, स्थलांतरितांची मुलं वर्गात आली. वयाने मोठी, आयुष्य बघितलेली. युद्धोत्तर काळातला कॉलेज फुटबॉल एवढा दणकट का होता याचं हे एक साधं कारण आहे: समोर अठरा वर्षांची पोरं नसून कित्येकदा युद्धावरून आलेले पुरुष उभे असायचे.

जिनो मार्केटी असाच. इटालियन स्थलांतरितांचा मुलगा. अठराव्या वर्षी सैन्यात गेला आणि युरोपात जर्मनांविरुद्ध पायदळातून लढला. परतल्यावर आधी एका ज्युनियर कॉलेजात आणि मग डॉन्समध्ये आला. बचावाच्या फळीत तो उभा राहिला की समोरच्याला वाट सापडत नसे. त्याच्या जोडीला बॉब सेंट क्लेअर, उंची सहा फूट नऊ इंच. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू कुणाकडे जाणार हे ठरवणारा खेळाडू, एड ब्राउन.

ऑली मॅटसन टेक्सासमधल्या ट्रिनिटी गावात जन्मला आणि लहानपणीच सॅन फ्रान्सिस्कोला आला. धिप्पाड होता आणि तरीही धावपटूसारखा पळायचा. तो खरोखरच धावपटू होता. १९५१च्या हंगामात त्याने चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली. देशात कुणीही त्याच्या पुढे नव्हतं. टचडाउन २१, तेही देशात सर्वाधिक. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डमला ३२–२६ असं हरवलं त्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने लाथ मारून लांब उडवलेला चेंडू झेलून तो दोनदा जवळजवळ सगळं मैदान पार करून गेला. पूर्वेकडच्या पत्रकारांनी हा संघ प्रत्यक्ष पाहिला तो याच एका सामन्यात. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला दिल्या जाणाऱ्या हाइसमन ट्रॉफीच्या मतदानात मात्र मॅटसन नववा आला.

बर्ल टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजमध्ये मॅटसनसोबत खेळला आणि त्याच्याबरोबरच इथे आला. बचावात खेळायचा. शांत, अभ्यासू. ज्यांनी दोघांना खेळताना पाहिलं त्यांच्यापैकी काहींच्या मते टोलरही मॅटसनच्याच तोडीचा होता.

प्रशिक्षक जो कुहारिच स्वतः नोत्र दाम विद्यापीठाचा जुना खेळाडू, शिस्तीला कडक. हंगामाआधी तो मुलांना कॉर्निंग नावाच्या गावात, भाजून काढणाऱ्या उन्हात सरावाला घेऊन गेला. तिथल्या हालांच्या आठवणी खेळाडू म्हातारपणीही सांगायचे. आणि संघाची प्रसिद्धी बघायला एक पंचविशीतला माणूस होता, पीट रोझेल. जिथे जाईल तिथे पत्रकारांना गाठून मॅटसनचं नाव छापून आणायची धडपड करणारा.

शब्दांत न लिहिलेला नियम

कृष्णवर्णीय खेळाडू असलेला उत्तरेचा संघ दक्षिणेतल्या संघाशी खेळणार असेल तर त्या खेळाडूला बाकावर बसवायचं किंवा घरीच ठेवायचं, अशी रीत गेल्या कित्येक दशकांपासून चालत आलेली होती. तिला ‘जंटलमन्स अॅग्रीमेंट’ म्हणत, म्हणजे सभ्य माणसांमधला समझोता. या नावात किती असभ्यपणा झाकलेला आहे याची मला आजही चीड येते. लेखी करार नाही, म्हणून मोडायलाही काही नाही. खेळाडूला सांगायचं की तुझ्या सुरक्षिततेसाठीच आम्ही तुला नेत नाही.

युद्धानंतर हा समझोता तडकू लागला होता. पेन स्टेट विद्यापीठाने १९४६ साली मायामीतला सामना रद्द केला, कारण तिथे कृष्णवर्णीय खेळाडू चालणार नव्हते. तोच संघ १ जानेवारी १९४८ला डॅलसच्या कॉटन बाउलमध्ये दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह उतरला, वॉली ट्रिपलेट आणि डेनी हॉगार्ड. शहरातल्या हॉटेलांत सगळ्यांना एकत्र राहता येणार नव्हतं, म्हणून अख्खा संघ जवळच्या नौदल विमानतळावर राहिला. सामना १३–१३ असा बरोबरीत सुटला, आणि आकाश काही कोसळलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस लाफायेट या लहान कॉलेजने सन बाउलचं आमंत्रण परत पाठवलं, कारण त्यांच्या डेव्हिड शोवेलला खेळता येणार नव्हतं. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८मध्येच सैन्यातला वंशभेद संपवण्याचा आदेश काढला होता. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १९४७पासून गोऱ्यांसोबत खेळत होता.

म्हणजे ‘तेव्हा सगळीकडे तसंच होतं’ हे म्हणणं खरं नाही. दुसरी वाट अस्तित्वात होती, लोक तीवरून चालूनही गेले होते. प्रत्येक समितीला निवड करता येत होती.

पण दुसऱ्या बाजूचं बळही कमी नव्हतं. २० ऑक्टोबर १९५१ला, डॉन्सचा हंगाम ऐन भरात असताना, ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट याच्यावर हल्ला झाला. चेंडू त्याच्याकडे नसताना प्रतिस्पर्ध्याने त्याच्या तोंडावर पुन्हा पुन्हा प्रहार केले आणि त्याचा जबडा मोडला. आयोवातल्या एका वर्तमानपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी ते क्षणाक्षणाने टिपलं. त्या छायाचित्रांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. मारणाऱ्याला शिक्षा झाली नाही. हे सगळं देशाने पाहिलं, आणि महिन्याभरात डॉन्सच्या आमंत्रणाचा विषय आला.

नोव्हेंबरचे ते दिवस

१७ नोव्हेंबरला डॉन्सनी स्टॉक्टनला जाऊन पॅसिफिकचा ४७–१४ असा फडशा पाडला. आता बाउलचं बोलावणं येणारच, असं सगळ्यांना वाटत होतं. संघापर्यंत जे आलं ते पत्र नव्हतं, निरोप होता: दक्षिणेतल्या एखाद्या बाउलमध्ये जागा होऊ शकते, पण मॅटसन आणि टोलर यांना सोडून. खेळाडूंनी नंतर वेळोवेळी सांगितलेल्या आठवणींत तपशील थोडे वेगवेगळे आहेत. उत्तराबद्दल मात्र कुणाचंच दुमत नाही. नाही म्हणायला त्यांना वेळ लागला नाही. मोठी चर्चा नाही, समजूत घालणं नाही. दोघे येणार नसतील तर कुणीच येणार नाही.

या नकाराची किंमत त्यांना ठाऊक होती. विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात होता. केझार स्टेडियम मोठं, पण ते भरत नसे. शहरात १९४६पासून फॉर्टीनायनर्स हा व्यावसायिक संघ आला होता आणि तोही त्याच केझारवर खेळायचा. घराघरांत टीव्ही येऊ लागले होते. १९५१ मध्येच एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने सामन्यांच्या प्रक्षेपणावर निर्बंध घातले, कारण लोक तिकीट काढेनासे झाले होते. लहान कॅथलिक कॉलेजं एकामागून एक फुटबॉल सोडत होती: शेजारच्या सेंट मेरीज आणि दूरच्या जॉर्जटाउनने १९५०च्या हंगामानंतर, लोयोलाने १९५१नंतर, सॅन्टा क्लाराने १९५२नंतर, फोर्डमने १९५४नंतर. बाउलमधून येणाऱ्या पैशाने डॉन्सचा तोटा भरून निघाला असता, निदान एखाद-दोन वर्षं तरी. त्या एका नकारात त्यांनी स्वतःचा संघही पणाला लावला. पुढे बाउल नाही, पैसा नाही, आणि काही आठवड्यांत संघही नाही.

आता तो हलक्या वेळापत्रकाचा मुद्दा. उघडपणे दिलं गेलेलं कारण तेच होतं. ऑरेंज बाउलने जॉर्जिया टेक आणि बेलर यांना बोलावलं. शुगर बाउलने टेनेसी आणि मेरीलँडला. हे चौघेही क्रमवारीत डॉन्सच्या वर होते. इथवर समित्यांची बाजू ऐकून घेता येते. पण गेटर बाउल? तिथे खेळले मायामी आणि क्लेमसन. बोलावणं आलं तेव्हा मायामी तीन सामने हरलेला होता आणि क्लेमसन दोन. दोघेही क्रमवारीत डॉन्सच्या खाली. शिवाय क्लेमसनच्या कॉन्फरन्सने त्या वर्षी बाउल खेळायला मनाई केली होती. ती मोडून ते गेले आणि त्याची शिक्षाही भोगली. म्हणजे मनाई मोडणारा, दोनदा हरलेला संघ चालला. नऊपैकी नऊ जिंकलेला चालला नाही. या तीन बाउलमध्ये खेळलेले सहाच्या सहा संघ पूर्ण गोरे होते.

आणखी एक नोंद करायलाच हवी. डॉन्सनी ज्यांना ४७–१४ असं लोळवलं त्या पॅसिफिकला सन बाउलचं आमंत्रण आलं. आणि पॅसिफिकच्या संघात एडी मेकन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता! लाफायेटने तीन वर्षांपूर्वी आमंत्रण झिडकारल्यानंतर एल पासोतली बंदी सैल झाली होती. म्हणजे टेक्सासच्या टोकावरचं एक शहर बदलू शकलं. मायामी, न्यू ऑर्लीन्स आणि जॅक्सनव्हिल यांनी त्या वर्षी बदलायचं नाही असं ठरवलं. शुगर बाउलमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९५६ साली, पिट्सबर्गचा बॉबी ग्रियर, आणि तेव्हाही जॉर्जियाच्या गव्हर्नरने आपल्या राज्याच्या संघाला त्याच्याविरुद्ध खेळू न देण्यासाठी जंग जंग पछाडलं होतं.

त्याच टेकडीवर, चार वर्षांनी

फुटबॉल बंद झाला, पण विद्यापीठाचं बास्केटबॉल चालू राहिलं. १९५५मध्ये बिल रसेल आणि के. सी. जोन्स यांच्या संघाने एनसीएएची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९५६मध्ये पुन्हा जिंकली. त्या संघाच्या पहिल्या पाचांत तीन कृष्णवर्णीय खेळाडू होते. तेच लहान कॉलेज, तीच टेकडी, देशातलं वातावरण फार काही बदललेलं नाही. फरक होता तो रचनेत. बास्केटबॉलमध्ये बाद पद्धतीची खरीखुरी स्पर्धा होती. एकदा आत शिरलं की जिंकणारा पुढे जायचा. त्याला पुढच्या फेरीतून वगळायचा अधिकार कुठल्या हॉटेलवाल्यांच्या समितीकडे नव्हता. रसेलच्या संघालाही हॉटेलं नाकारली गेली, प्रेक्षकांतून वाट्टेल ते ओरडलं गेलं. पण त्यांचा विजय कुणी हिरावून घेऊ शकलं नाही. या दोन संघांकडे शेजारी शेजारी पाहिलं की मॅटसन-टोलरच्या संघाचं नेमकं काय हिरावलं गेलं ते कळतं.

पुढे काय झालं

जे खेळाडू उरले त्यांना नवं कॉलेज शोधावं लागलं. सेंट क्लेअर टल्साला गेला. कुहारिच शिकागो कार्डिनल्स या व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक झाला. मॅटसनही त्याच संघात गेला, पण त्याआधी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरमध्ये कांस्य आणि ४×४०० रिलेत रौप्य मिळवून आला. मार्केटी बाल्टिमोर कोल्ट्सचा आधारस्तंभ झाला. मॅटसन आणि मार्केटी दोघेही १९७२ साली ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनात, एकत्र दाखल झाले, सेंट क्लेअर १९९०मध्ये. एका कॉलेजच्या एकाच वर्षीच्या संघातले तीन खेळाडू. ज्यांचं वेळापत्रक हलकं म्हणून ज्यांना नाकारलं, त्यांचा संघ किती भारी होता हे कळायला एवढी वर्षं लागली.

पत्रकारांच्या मागे धावणारा पीट रोझेल १९६०मध्ये एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वोच्च संघटनेचा आयुक्त झाला आणि १९८९पर्यंत त्या पदावर राहिला. आयुक्त व्हायच्या आधी, १९५९मध्ये, तो लॉस एंजेलिस रॅम्सचा कारभार बघत असताना त्याने मॅटसनला आपल्या संघात आणलं. त्यासाठी खेळाडू आणि नवा खेळाडू निवडण्याचे हक्क मिळून नऊ जणांवर पाणी सोडलं.

टोलरचं दैव वेगळं निघालं. १९५२च्या उन्हाळ्यात, देशभरातल्या निवडक कॉलेज खेळाडूंच्या सामन्यात, त्याचा गुडघा कायमचा दुखावला. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो एकही सामना खेळू शकला नाही. तो शिक्षक झाला, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या माध्यमिक शाळांमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्याध्यापक. १९६५मध्ये एनएफएलने त्याला पंच म्हणून घेतलं. त्या संघटनेतला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. आठवडाभर शाळा आणि रविवारी मैदान, असं त्याने पंचवीस हंगाम केलं. ज्या टेकडीवर तो शिकला तिथल्या एका वसतिगृहाला आज त्याचं नाव आहे. सन २००० मध्ये सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये या संघावरच्या अन्यायाची दखल घेणारा ठराव मांडला, तेव्हा मॅटसन आणि टोलर दोघेही हयात होते.

२० जानेवारी १९८०. सुपर बाउल, व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना. पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स, एक लाखाहून जास्त प्रेक्षक, आयुक्त पीट रोझेल. मैदान पॅसाडिनाचं, रोझ बाउल. १९५१च्या डॉन्सचा शेवटचा सामना झाला होता तेच. बर्ल टोलर त्या दिवशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यात कडेच्या रेषेवर उभा होता, हेड लाइन्समन म्हणून. दहा यार्डांची ती साखळी ज्याच्या ताब्यात असते, तो हा पंच.